उतरताना सोंडा फुटतात

खिंडीत गाडी लावली तेव्हा माथा अगदी हाताशी आल्यासारखा वाटत होता. नकाशावर अंतर जेमतेम २ किलोमीटर, चढ ४०० मीटर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला हिशेब अजून चालतो: दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे आम्हाला तास-सव्वा तास पुरे. लागले पावणेदोन तास. तो हिशेब बऱ्या वाटेचा, आणि इथे वाटच नव्हती.

सुरुवातीला एक ढोरवाट मिळाली, ती झुडपात विरून गेली. मग गुडघाभर गवत आणि त्याखाली सुटे दगड. पाऊल टेकवायचं, दगड डुगडुगतोय का बघायचं, मगच भार टाकायचा. पुढे चालणारी ताई सारखी थांबून मागे बघायची. मला वाटलं, दमली.

"अरे, परत येताना हेच दिसणार आहे. बघून ठेव."

मी हो म्हटलं आणि बघितलं नाही.

माथ्याने दोनदा चकवलं. खालून फक्त जवळचा फुगवटा दिसतो, खरं टोक त्याच्या आड. नकाशातही तो सापडेलच असं नाही: समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) २० मीटर उंचीच्या अंतराने असतील, तर १५ मीटरचं टेंगूळ दोन रेषांच्या मधे आरामात लपतं.

वर मात्र वारा, आणि चहूकडे मोकळं. खालचं मैदान ९०० मीटर खोल. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ ने गुणलं की क्षितिज किती किलोमीटरवर ते कळतं. इथे १०७. (मी मोबाईलवर गुणाकार करत होतो तेव्हा ताई नुसती बघत होती.) आदल्या रात्रीच्या पावसाने धूळ बसली होती, त्यामुळे लांबच्या रांगाही निळ्या, एकीमागे एक, वेगवेगळ्या दिसत होत्या.

उतरताना मी पुढे. चढताना सगळ्या सोंडा, म्हणजे डोंगराच्या उतरत्या धारा, माथ्याकडे येऊन मिळतात, उतरताना त्याच फुटत जातात. मी रुंद, सोपी दिसणारी धरली. वीसेक मिनिटांनी पायाखाली सरळ कडा. होकायंत्र खिशातच होतं. निमूट परत वर चढलो, घळीच्या डोक्यावरून आडवं जाऊन पलीकडची सोंड गाठली.

तिथे ताईने लांबूनच बोट दाखवलं: दोन बुंध्यांचं वाळकं झाड. सकाळी आम्ही त्याला अगदी खेटून गेलो होतो म्हणे.