जांबोटीचा नाला, दुकानातला कंपास आणि नकाशाचे अडीच हजार

जिओकॅशिंगसाठी, म्हणजे कुणीतरी लपवलेला डबा अक्षांश-रेखांशांवरून शोधायच्या खेळासाठी, हातात धरायचं जीपीएस यंत्र घ्यायला निघाला असाल, तर दुकानदाराला "कंपास आहे का?" असं अजिबात विचारू नका. उत्तर "आहे की ओ" असंच येणार, आणि ते खोटंही नसणार. विचारायचं ते असं: "जागेवर उभा राहून नुसता फिरलो, तर बाण दिशा दाखवतो का?" या प्रश्नावर दुकानदार गडबडला तर पैसे खिशात ठेवा आणि बाहेर पडा.

मला जे यंत्र विकलं गेलं, त्यात कंपासचं पान होतं. गोल तबकडी, त्यावर उत्तर-दक्षिण, मधे लाल बाण, सगळं अगदी छान. दुकानाबाहेर मला रस्त्यावरून चालवत नेऊन दाखवलंसुद्धा, आणि बाण बरोबर फिरला. फिरणारच. आत चुंबकीय कंपास नसला तरी चालत असताना यंत्राला आधीची जागा आणि आताची जागा माहीत असते, त्यावरून ते दिशा काढतं. थांबलात की दोन्ही जागा एकच, मग बाण जिथे असेल तिथे अडकतो किंवा वेड्यासारखा गरगरतो. डबा शोधताना मात्र शेवटच्या पंधरा मीटरांत माणूस चालत नसतो. तो थांबतो, वाकतो, दगड बघतो, पुन्हा दोन पावलं टाकतो. म्हणजे बाणाची खरी गरज असते तेव्हाच तो निकामी.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कुणीतरी डबा लपवायचा, त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे, बाकीच्यांनी जाऊन शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तसा परत ठेवायचा. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली. तोवर शंभरेक मीटर इकडेतिकडे होणारी यंत्रं एका रात्रीत दहा-पंधरा मीटरांवर आली, आणि दोनच दिवसांत, ३ मे रोजी, ऑरेगनमध्ये डेव्ह अल्मरने पहिला डबा ठेवला. आमच्या बेळगावच्या ट्रेकवाल्यांनी आपापसात हाच खेळ सुरू केलाय. गटातले जुने लोक डबे ठेवतात, नवे शोधतात.

यंदा दिवाळीनंतर राजहंसगड, गोकाकची बाजू आणि जांबोटीकडचं रान असा बेत होता. राजहंसगडावर काही सांगण्यासारखं नाही. उघडं आकाश, रुंद वाट, डबा हातात. गोकाककडेही तेच. तिथे कुठलंही यंत्र चालेल, मोबाईल तर चालेलच, आणि तिथल्या यशावरून यंत्राला शाबासकी देऊ नका. मी दिली होती, दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो.

खरी गोष्ट जांबोटीची. बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जांबोटी ओलांडली की रान दाट होत जातं. आमचा डबा एका मालकी रानातल्या नाल्यात होता, मालकाला विचारून ठेवलेला. (भीमगड अभयारण्याची हद्द याच भागात आहे. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, डबा ठेवायचा तर प्रश्नच नाही. अस्वलं आहेत, गवे आहेत.) नाला फार लांब नाही, पण दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर झाडांचं छत, खाली शेवाळलेले धोंडे आणि पाऊस संपून महिना झाला तरी घोटाभर पाणी. पाय घसरण्याबद्दल काही सांगत नाही. इथवर येणाऱ्याने बूट आणि गुडघे सांभाळूनच आणलेले असतात.

नाल्याच्या तोंडाशी यंत्र म्हणालं, ४० मीटर. आत शिरलो, १२ मीटर. आणखी दोन पावलं, २८ मीटर. मागे आलो तर ९. पडद्यावर अचूकता मात्र "४ मीटर" अशी ठामपणे लिहिलेली. हा आकडा बघून बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. तो यंत्राचा स्वतःबद्दलचा अंदाज असतो. उपग्रहाकडून येणारा संदेश सरळ न येता कातळावर आपटून आला तर तो जरा लांबच्या वाटेने येतो, आणि यंत्राला ते अंतर खरंच वाटतं. कातळाच्या कुशीत हे सारखं होतं. त्यात माझा बाण थांबलो की गरगर फिरायचा. उजवीकडची कपार शोधली, डावीकडची मुळं शोधली, पुन्हा उजवीकडे. डास, घाम, आणि सोबतच्यांचे "काय म्हणतंय यंत्र?" हे प्रश्न. सगळी दुपार त्या नाल्याने खाल्ली. त्या दिवशी संध्याकाळी मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जीपीएस घेऊच नका, दोरी आणि नशीब घेऊन या.

डबा शेवटी मिळाला तो गटातल्या एका मुलीच्या यंत्रामुळे. तिच्याकडे चुंबकीय कंपासवालं होतं. ती नाल्यात उतरलीच नाही. वर, कडेच्या उघड्या जागी आकाश दिसेल अशी उभी राहिली, यंत्र स्थिर होऊ दिलं, डब्याकडे बाण कुठे जातोय ते बघितलं, समोरच्या वाकड्या झाडाची खूण धरली. मग नाल्याच्या पलीकडे जाऊन तेच, आणि वरच्या अंगाला जाऊन पुन्हा तेच. तीन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे बघा म्हणाली. मुळाखालच्या फटीत स्टीलचा डबा! मी त्याच्यावर बहुतेक दोनदा पाय दिला होता. पुढे जाणाऱ्यांनी एवढंच लक्षात ठेवा: नाल्यात, दाट झाडीत, कड्याखाली यंत्राच्या मागे धावू नका. उघड्यावर जा, तीन बाजूंनी दिशा घ्या, मग हाताने शोधा. डबा ठेवणाऱ्यांनीही एकदाच आकडा टिपून मोकळं होऊ नये. बऱ्याच यंत्रांत एकाच जागेची अनेक मापं घेऊन सरासरी काढायची सोय असते, ती वापरा, आणि तासाभराने परत येऊन पुन्हा घ्या. वरचे उपग्रह तोवर सरकलेले असतात.

आता नकाशाचं. त्याच दुकानात "इंडियाचा फुल मॅप" म्हणून एक कार्ड दिलं आणि त्याचे वेगळे अडीच हजार लावले. घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं. आत एकच मोठी फाईल, आणि नकाशाच्या माहितीत स्पष्ट लिहिलेलं: ओपनस्ट्रीटमॅप. हा नकाशा जगभरचे लोक मिळून फुकट बनवतात आणि फुकट देतात. गार्मिन कंपनीच्या यंत्रात चालेल अशा रूपात तो इंटरनेटवरून उतरवून घेता येतो, कार्डावर गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकला की झालं. त्याच्या परवान्यात विकायला बंदी नाही, हे खरं. पण फुकट मिळतो हे न सांगता अडीच हजार घेणं म्हणजे पाणपोईवर पेल्याचं भाडं लावण्यासारखं आहे. परत मागायला गेलो तर "सर्व्हिस चार्ज हाय ओ तो" असं उत्तर मिळालं. अडीच हजारांत पेन्सिल सेल किती आले असते याचा हिशेब मी अजून करतोय. नकाशाला एक रुपयाही देऊ नका.

मग घ्यायचं काय? माझं मत सरळ आहे. पैसे कंपासला आणि अँटेनाला द्या. नकाशा, कॅमेरा, टचस्क्रीन, मोठा पडदा यांना देऊ नका. ओल्या बोटांनी आणि चिखलाच्या हातांनी टच चालत नाही, बटणं चालतात.

गार्मिनच्या ईट्रेक्स घराण्यात १०, २०एक्स, २२एक्स यांत चुंबकीय कंपास नाही. ३०एक्स आणि ३२एक्समध्ये तीन अक्षांचा कंपास आहे, शिवाय हवेच्या दाबावर चालणारं उंचीमापक. दोन्ही प्रकारची यंत्रं बाहेरून सारखीच दिसतात, म्हणून नावामागचा आकडा वाचूनच घ्या. तीन अक्षांचा म्हणजे यंत्र हातात तिरकं धरलं तरी दिशा बिघडत नाही. २०२३ मध्ये आलेल्या ईट्रेक्स एसईमध्येही कंपास आहे. पडदा काळा-पांढरा, तपशीलवार नकाशा टाकता येत नाही, पण कंपनीच्या आकड्याप्रमाणे दोन सेलवर १६८ तास चालतं. नवशिक्याला नकाशा नसला तर काही बिघडत नाही. डब्याची माहिती आणि हिंट त्यात मोबाईलमार्फत येते, म्हणून हे काम बेळगावात नेट असतानाच करून निघा. जांबोटीच्या पुढे कणकुंबीकडे जाताना नेटच्या भरवशावर राहायचं नाही.

रान हाच तुमचा इलाका असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर गार्मिनचंच जीपीएसमॅप ६५एस बघा. वर जाड शेंडी असते ना, तो अँटेना झाडीत जास्त चांगला पकडतो, आणि हे यंत्र दोन वारंवारितांवर ऐकतं, त्यामुळे कातळावरून परतलेल्या संदेशाने ते सहजी फसत नाही. शेंडीवालं यंत्र उभं धरायचं, बिनशेंडीचं आडवं, तोंड आकाशाकडे करून. खिशात कोंबून चालायचं आणि मग तक्रार करायची, असं नको.

पहिल्यांदा मात्र मोबाईलवरच खेळा. हल्लीच्या बऱ्याच फोनांत जीपीएससोबत रशियाचे, युरोपचे आणि आपले नाविकचे उपग्रहही धरले जातात. दोन-चार डबे मिळून गोडी लागली तरच यंत्र. जांबोटीच्या पुढे रेंज गेली की फोनला पहिली जागा सापडायला वेळ लागतो, कारण उपग्रहांची माहिती त्याला नेटवरून आयती मिळायची ती बंद होते. बस स्टॉपवरच, रेंजमध्ये, एकदा लोकेशन चालू करून ठेवा.

अक्षांशांची गल्लत आमच्या गटात दरवेळी कुणीतरी करतोच. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं लिहितात: १५ अंश ४०.५०० मिनिटं. यातले ".५००" म्हणजे ५० सेकंद नव्हेत, ३० सेकंद. यंत्र सेकंदांवर ठेवून ४० मिनिटं ५० सेकंद टाकलेत तर सहाशे मीटरहून जास्त उत्तरेला, दुसऱ्याच्या उसात जाऊन उभे राहाल. मांडणी दशांश मिनिटांवर आणि डेटम (अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजतात तो) डब्ल्यूजीएस ८४ वर आहे ना, हे घरीच बघा. तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे साधारण १.८ मीटर, त्यामुळे त्याच्या पुढे कीस काढण्यात अर्थ नाही.

आणि गावकऱ्यांचं. हातात यंत्र घेऊन धोंडे उलटवणारी चार माणसं आपल्याकडे कोण वाटतात? गुप्तधनवाले. नाल्यातून वर आलो तेव्हा काठी टेकून एक आजोबा उभे. "काय शोधायला लागलासा ओ? घबाड हाय काय हितं?" डबा उघडून दाखवला. आत वही, पेन्सिल आणि दोन गोट्या. त्यांचा विश्वास बसला नाही. एवढ्यासाठी बेळगावहून कोण येतंय! मागाहून आणखी दोघे आले, मग चहा झाला, मग जाऊ दिलं. म्हणून गावात शिरतानाच एखाद्या दुकानात किंवा ग्रामपंचायतीच्या मेंबराच्या घरी सांगून जा. हलशी, देगाव असल्या जुन्या देवळांच्या आसपास डबा ठेवू नका, तिथे दगडाला हात लावलेला कुणालाच खपणार नाही, आणि ते बरोबरच आहे. जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय जमीन खणून डबा पुरणं तर या खेळाच्या नियमातही बसत नाही. कानडी येणारा एक जण सोबत असू द्या. मराठी सगळीकडे चालते, पण वनखात्याच्या नाक्यावर कानडीने काम लवकर होतं.

सेल बेळगावातच घ्या, अल्कलाइन किंवा चार्जिंगचे. वाटेतल्या टपरीवर मिळतात ते स्वस्त साधे सेल यंत्रात फार टिकत नाहीत. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायला विसरलात तर बॅटरीची पट्टी खोटं बोलते. सेल बदलल्यावर कंपास पुन्हा जुळवावा लागतो: यंत्र सांगेल तसं हातात गोल फिरवायचं. चुंबकाचं झाकण असलेला मोबाईल त्या वेळी दुसऱ्या खिशात.

उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र, म्हणजे इनरीच किंवा नावाच्या शेवटी "आय" लागलेली जीपीएसमॅपची जात, परदेशातल्या भाच्याकडून मागवू नका. परवानगीशिवाय ते भारतात बाळगता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन बाईंना याच कारणासाठी अडवलं होतं, आणि चोर्ल्यातून उतरलं की आपण गोव्यातच. नुसतं संदेश ऐकणारं जीपीएस या प्रकारात मोडत नाही.

जुनं यंत्र घेणार असाल तर मागचं झाकण उघडून स्प्रिंगा बघा. कोकणात फिरलेल्या यंत्राच्या स्प्रिंगा हिरव्या पडलेल्या असतात. यूएसबीचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, बटणांचं रबर फाटलंय का तेही बघा, नाहीतर पाणी आत जाणार. मग दुकानाबाहेर उघड्यावर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, उपग्रह लागू द्या, आणि जागेवरच उभं राहून हळूहळू एक गिरकी घ्या.