अल्पसंख्याक शाळेच्या अनुदानाचा प्रस्ताव : माझा अनुभव

कोकणात खाडीकाठच्या एका गावी, मुस्लिम शिक्षणसंस्थेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी मुख्याध्यापिका असताना पायाभूत सुविधांच्या अनुदानासाठी आम्ही शासनाकडे प्रस्ताव पाठवला. धार्मिक अल्पसंख्याकबहुल शासनमान्य खाजगी शाळांसाठीची ही योजना अल्पसंख्याक विकास विभागाची असून, ऑक्टोबर 2015 च्या शासन निर्णयानुसार अनुदानाची कमाल मर्यादा तेव्हा 2 लाख रुपये होती. पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, प्रयोगशाळा, इमारतीची डागडुजी अशा ठरलेल्या कामांवरच हा पैसा खर्च करता येतो. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि दोन टेबले. स्पिरिटचा दिवा पेटवायचा झाला, तर निम्मा वर्ग व्हरांड्यात उभा करावा लागे.

संस्थेची नोंदणी, अल्पसंख्याक दर्जाचे प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, अंदाजपत्रक ही कागदपत्रे जमली. अडले ते एका अटीपाशी : किमान 70 टक्के विद्यार्थी अल्पसंख्याक समाजांतील हवेत.

मुस्लिमांखालोखाल आमच्याकडे बौद्धवाडीतील मुले होती आणि बौद्ध हाही अधिसूचित अल्पसंख्याक समाज आहे. परंतु जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेश नोंदवहीत, त्यांतील कित्येकांपुढे ‘हिंदू-महार’ अशी नोंद होती. 1956 च्या धर्मांतरानंतर घरे बौद्ध झाली, तरी अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना 1990 पर्यंत मिळत नसल्यामुळे अनेक कुटुंबांनी जुनी नोंद तशीच ठेवली आणि ती दाखल्यावरून दाखल्यावर उतरत आली. एका मुलीचे वडील मला म्हणाले, “बाई, घरात बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, पण कागदावर आम्ही अजून तिथेच आहोत.” नोंद बदलण्यास शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि पुढे जात पडताळणीत अडचण येईल, ही पालकांची भीती खरी होती, म्हणून मी कोणालाही आग्रह केला नाही. रजिस्टरमध्ये जे होते त्यावरूनच विवरणपत्र केले. तरीही ‘बौद्ध’ अशी नोंद असलेली मुले धरून आम्ही सत्तरच्या थोडे वर होतो.

तपासणीत मात्र केवळ मुस्लिम विद्यार्थी मोजले गेले आणि प्रस्ताव त्रुटी दाखवून परत आला. अल्पसंख्याक समाजांची यादी जोडून, वर्गवार तक्ता नव्याने तयार करून मी तो पुन्हा दाखल केला आणि संबंधित अधिकाऱ्यांसमोर बसून प्रत्येक इयत्तेची बेरीज करून दाखवली. तेव्हा तो पुढे गेला.

दरम्यान गावात दोन्ही बाजूंनी बोलणी सुरू झाली. या अनुदानातून दीनियातच्या, म्हणजे इस्लामी धर्मशिक्षणाच्या, शिक्षकाचे मानधन भागवावे, असे काही विश्वस्तांना वाटत होते. योजनेत ते बसत नाही. शिवाय शासकीय मदत घेणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीवाचून अल्पवयीन मुलाला धार्मिक शिक्षणास बसवता येत नाही, हे संविधानाचे कलम 28 मी त्यांना वाचून दाखवले. “यांच्या शाळेला सरकारी पैसा कशाला?” असे विचारणाऱ्यांना कलम 30 दाखवले : व्यवस्थापन अल्पसंख्याकांचे आहे एवढ्या कारणावरून मदत देताना राज्याला भेदभाव करता येत नाही.

त्या 70 टक्क्यांच्या अटीशी मी आजही सहमत नाही. कुणबीवाडीतील मुले आम्ही आनंदाने घेत होतो. ती जितकी अधिक येतील, तितकी शाळा अनुदानापासून दूर जाते. शाळेची गरज पाहून मदत द्यावी, असे मी उपयोगिता प्रमाणपत्रासोबतच्या (अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याच्या दाखल्यासोबतच्या) पत्रात स्वतंत्रपणे लिहून कळवले.

मंजूर रकमेतून प्रयोगशाळेला ओटे, नळ आणि बेसिन बसले. दहावीचे प्रयोग आता सगळा वर्ग एकाच वेळी करतो.