बायांचे वीस रुपये

नागपूरच्या दादांनी आमच्या प्रोग्रामिंगच्या ग्रुपवर लिहिलं, ‘आता मला जमत नाही. दर आठवड्याचं कोडं कुणी चालवेल का?’ दोन दिवस सगळे चिडीचूप. एरवी कोडच्या ओळी टॅबनं आत सरकवाव्या की स्पेसनं यावरून रात्र रात्र भांडणारी मंडळी! तिसऱ्या दिवशी मीच लिहिलं, ‘मी घेतो.’ राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात बसून मी नोकरीचं काम घरून करतो. आठवड्याला एक कोडं काढायला असा कितीसा वेळ लागणार, असं वाटलं.

दादांनी फोनवर रीत समजावली. शुक्रवारी संध्याकाळी कोडं, पहिले 48 तास कुणी उत्तर फोडायचं नाही, सोमवारी टिपण. 48 तासांचा नियम त्यांनी ‘रुबी क्विझ’वरून, म्हणजे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतल्या कोड्यांच्या मालिकेवरून, उचललेला. तेही असंच हातबदल झालेलं: जेम्स एडवर्ड ग्रे यांनी 2004 साली सुरू केलं, 2008 मध्ये ते मॅथ्यू मॉस यांच्याकडे गेलं. फोन ठेवता ठेवता दादा म्हणाले, ‘टाकायच्या आधी दुसऱ्या कुणाकडून, दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत सोडवून घे.’ मी ‘हो हो’ म्हटलं.

कापसाची वेचणी ऐन भरात होती. संध्याकाळी बाया गाठोडी आणतात, आई काट्यावर वजन करून वहीत लिहिते, किलोच्या भावानं मजुरी. कोडं घरातच सापडलं की! वजनं द्यायची, प्रत्येक वजन ‘जवळच्या पूर्ण किलोपर्यंत’ न्यायचं, किलोला 10 रुपये धरून एकूण मजुरी काढायची. नमुन्याला 22.5, 31.5, 24.5 आणि 18. मी पायथनमध्ये सोडवलं, उत्तर 960. सगळ्यांची उत्तरं तपासणारी स्क्रिप्टही (छोटा प्रोग्राम) त्याच उत्तरावर बसवली आणि कोडं टाकून दिलं.

नऊच्या सुमारास लाईन गेली. मोबाईलच्या नेटवर पाहतो तर जावा भाषेत सोडवणारे सगळे नापास. सीवाले नापास. त्यांचं उत्तर 980. सुरुवातीला मी तोऱ्यातच होतो, ‘कोडं नीट वाचा’ असंही लिहिलं. (ते वाक्य नंतर पुसलं, पण पाहायचं त्यांनी पाहिलंच होतं.) मग कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं शांतपणे विचारलं, ‘22.5 ला जवळचा पूर्ण किलो कोणता? 22 आणि 23, दोन्ही सारखेच लांब आहेत ना?’

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पायथन 3 चं राऊंड, म्हणजे पूर्णांक करून देणारं फंक्शन, आकडा बरोबर अर्ध्यावर आला की सम संख्येकडे जातं: 22.5 चे 22, 24.5 चे 24, पण 31.5 चे 32. ही काही त्याची चूक नाही. दर वेळी वरच ढकललं तर मोठ्या बेरजेत ती वाढ साचत जाते, म्हणून ही रीत. जावा आणि सी यांचं राऊंड अशा धन आकड्यांना सरळ वर नेतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर. भोक माझ्या वाक्यात होतं.

आई कंदील घेऊन आली. ‘काऊन रे, जेवाचं नाही का?’ मी सांगितलं. तिनं वहीत पाहिलं. ‘अर्ध्याचा पूर्ण धरा लागते. बाईचा अर्धा किलो कापाचा असते का? तुह्या कंप्युटरनं बायांचे वीस रुपये खाल्ले.’

अंधारात, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर मी वाक्य दुरुस्त केलं: ‘अर्धा किलो आल्यास वरचा धरावा.’ पण ज्यांनी आधीच्या शब्दांवर उत्तर दिलं होतं, त्यांना नापास कसं करणार? दोन्ही उत्तरं मान्य केली. त्यावर एकानं कुरकुर केलीच, की मग कोडं कसलं. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. सोमवारच्या टिपणात उत्तरांपेक्षा माझ्या गोंधळाचंच वर्णन लांबलं.

पुढचं कोडं बुधवारीच त्या मुलीकडे पाठवलं, ‘जावात सोडवून बघशील?’ अर्ध्या तासात उत्तराऐवजी तिचे तीन प्रश्न आले. त्यातल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हती.