इंडियानापोलिस २००५: ती माघार योग्यच होती

१९ जून २००५ रोजी इंडियानापोलिसच्या ट्रॅकवर फॉर्म्युला वन मोटारशर्यतींपैकी अमेरिकन ग्रांप्रीची फॉर्मेशन लॅप, म्हणजे शर्यतीआधीची संथ फेरी, सुरू झाली, तेव्हा २० गाड्या रांगेत होत्या. ती लॅप संपता संपता मिशेलिनचे टायर वापरणाऱ्या सात संघांच्या सर्व १४ गाड्या एकामागून एक पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या देखभालीच्या जागेत, वळल्या आणि शर्यतीसाठी सहाच गाड्या उरल्या. पोल पोझिशन, म्हणजे रांगेतली पहिली जागा, टोयोटाच्या यार्नो ट्रुलीने मिळवली होती आणि फॉर्म्युला वनमधील टोयोटाची ती पहिलीच पोल होती. ती जागा रिकामी राहिली. तिच्या मागच्या तीन जागाही रिकाम्या होत्या. पाचव्या जागेवर मायकेल शूमाकरची फेरारी, सातव्या जागेवर रुबेन्स बॅरिकेलोची, आणि त्यानंतर थेट रांगेच्या शेवटी जॉर्डन व मिनार्डी यांच्या चार गाड्या, असे ते दृश्य होते. लाखभर प्रेक्षकांच्या समोर लाल दिवे विझले आणि ७३ लॅप्सची शर्यत अधिकृतपणे सुरू झाली.

या प्रसंगाचा उल्लेख आजही बहुतेक ठिकाणी फॉर्म्युला वनची नाचक्की म्हणूनच होतो. प्रेक्षकांच्या बाजूने पाहिले तर तो उल्लेख रास्त आहे. मात्र या नाचक्कीचा दोष माघार घेणाऱ्या संघांच्या माथी मारला जातो, तेव्हा मला ते अन्यायाचे वाटते. त्या तीन दिवसांत ज्यांनी ज्यांनी निर्णय घेतले, त्यांपैकी चालकांच्या जिवाचा विचार सर्वांत आधी करणारा निर्णय तोच होता, असे माझे ठाम मत आहे.

प्रकरणाची सुरुवात शुक्रवारच्या सरावात झाली. टोयोटाचा राखीव चालक रिकार्डो झोंटा याच्या गाडीचा टायर निकामी झाला आणि त्याच दिवशी तेराव्या वळणावर टोयोटाच्याच राल्फ शूमाकरच्या, म्हणजे मायकेलच्या भावाच्या, गाडीचा डावा मागचा टायर फुटून गाडी भिंतीवर आदळली. राल्फसाठी ती भिंत अनोळखी नव्हती. आदल्याच वर्षी, २००४ च्या शर्यतीत, त्याच वळणावर टायर निकामी होऊन तो त्याच भिंतीवर आदळला होता, त्याच्या मणक्याला इजा झाली होती आणि पुढच्या सहा शर्यतींना त्याला मुकावे लागले होते. या वेळीही तो उरलेल्या दिवसांत गाडीत बसला नाही. त्याची जागा झोंटाने घेतली.

तेरावे वळण नेमके काय आहे, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळत नाही. इंडियानापोलिसचा मूळ ट्रॅक अंडाकृती असून तेथे इंडियानापोलिस ५०० ही प्रसिद्ध शर्यत होते. फॉर्म्युला वनसाठी आतल्या मैदानातून नवा रस्ता काढला होता आणि तो शेवटी अंडाकृती ट्रॅकच्या एका वळणाला, उलट्या दिशेने, मिळत असे. या वळणाचा रस्ता सुमारे ९ अंशांनी कललेला आहे. फॉर्म्युला वनच्या इतर सर्किटांवर त्या काळी असे कललेले वेगवान वळण जवळजवळ नव्हतेच. चालक येथे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, ताशी सुमारे ३०० किलोमीटर वेगाने जात. सपाट वळणावर टायरला मुख्यतः बाजूचा ताण सोसावा लागतो. कललेल्या वळणावर त्याच वेळी गाडी रस्त्यात दाबली जाते आणि वरून येणारा भारही वाढतो. वळण उजवीकडचे असल्याने हा सगळा भार डाव्या चाकांवर येतो आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांतून रस्त्यावर उतरत असल्याने डाव्या मागच्या टायरची अवस्था सर्वांत बिकट होते. त्याची बाजूची भिंत दर लॅपला दबते, सुटते, तापते, आणि आतले धागे हळूहळू जायबंदी होतात. बाहेरून पाहणाऱ्याला रबर चांगले दिसत असते, म्हणून हा दोष झिजण्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो. चालकाला पूर्वसूचना मिळत नाही.

मिशेलिनच्या अभियंत्यांनी टायर तपासले आणि शर्यतीच्या संचालकांना, चार्ली व्हाइटिंग यांना, लेखी कळवले की तेराव्या वळणावरचा वेग कमी होणार नसेल तर हे टायर वापरता येणार नाहीत. दहाएक लॅप्सच्या पुढे त्यांची खात्री कंपनी देऊ शकत नव्हती. फ्रान्सहून दुसऱ्या रचनेचे टायर विमानाने मागवण्यात आले, पण त्यांतही तोच धोका असल्याचे आढळले. आपलाच माल असुरक्षित आहे, असे जगासमोर लिहून देणे कोणत्याही कंपनीला सोपे नसते. चूक मिशेलिनचीच होती, यात शंका नाही. त्याच ट्रॅकवर फेरारी, जॉर्डन व मिनार्डी वापरत असलेले ब्रिजस्टोनचे टायर टिकत होते. पण चूक लक्षात आल्यावर ती झाकली गेली नाही, याची नोंद मला आवर्जून करावीशी वाटते.

आता नियमाकडे येऊ. २००५ च्या हंगामात एकच टायरसंच पात्रता फेरी आणि संपूर्ण शर्यत यांसाठी वापरायचा, असा नियम होता. पंक्चर, स्पष्ट धोका किंवा हवामानातील बदल ही कारणे वगळता पिटमध्ये टायर बदलता येत नव्हते. या नियमाचे फळ तीन आठवड्यांपूर्वीच न्युर्बुर्गरिंगला दिसले होते. आघाडीवर असलेल्या किमी रायकोनेनने ब्रेक लावताना चाक घासून सपाट झालेला टायर तसाच रेटला, त्याच्या हादऱ्यांनी शेवटच्या लॅपला सस्पेन्शन मोडले आणि गाडी ट्रॅकबाहेर फेकली गेली. टायर बदलणे म्हणजे शर्यत हरणे, अशी परिस्थिती नियमाने निर्माण केली की संघ आणि चालक जुगार खेळणारच. इंडियानापोलिसला त्याच नियमाची गाठ थेट जिवाशी पडली.

शनिवारपासून रविवार दुपारपर्यंत तोडगे सुचत राहिले. तेराव्या वळणाच्या आधी शिकेन घालावी, म्हणजे वेग मोडणारे तात्पुरते नागमोडी वळण तयार करावे, ही त्यांतली मुख्य सूचना होती. दहापैकी नऊ संघांची त्याला तयारी होती. ब्रिजस्टोन वापरणाऱ्या मिनार्डीचे प्रमुख पॉल स्टॉडार्ट तर या सूचनेच्या बाजूने हिरिरीने उभे राहिले. फेरारीचे प्रमुख जाँ टॉड यांनी हा प्रश्न एफआयए, म्हणजे मोटारशर्यतींची जागतिक नियामक संस्था, आणि मिशेलिन यांचा असल्याचे सांगून अंग काढून घेतले. एफआयएचे अध्यक्ष मॅक्स मोस्ली यांनी शिकेनला ठाम नकार दिला. योग्य टायर घेऊन आलेल्या संघांना ट्रॅक बदलून शिक्षा का द्यायची, आणि चाचणी न झालेल्या वळणावर अपघात झाला तर जबाबदार कोण, असा एफआयएचा सवाल होता. त्याऐवजी मिशेलिनच्या गाड्यांनी त्या वळणावर वेग कमी ठेवावा किंवा वारंवार टायर बदलावेत, असे पर्याय पुढे करण्यात आले.

एफआयएचा सवाल पोकळ नव्हता, हे मी मान्य करतो. ऐनवेळी ट्रॅक बदलणे ही गंभीर गोष्ट आहे. परंतु वेग कमी ठेवण्याचा पर्याय मला अजिबात पटत नाही. पूर्ण वेगाने जाणाऱ्या सहा गाड्या आणि जपून चालणाऱ्या १४ गाड्या एकाच कललेल्या वळणावर, बाजूला काँक्रीटची भिंत असताना, ७३ वेळा सोडायच्या, हा एका धोक्याच्या बदल्यात दुसरा धोका पत्करण्याचा प्रकार झाला असता. शिवाय शर्यतीच्या भरात कोणता चालक स्वतःहून वेग आवरत बसेल? निर्मात्याने लेखी इशारा दिल्यानंतर गाडी सोडली आणि एखादा चालक दगावला, तर त्या संघाच्या प्रमुखाने कोणत्या तोंडाने उत्तर दिले असते? शिकेन घालून, पण गुण न देता शर्यत भरवण्याचा मार्गही होता. तोही निघाला नाही, कारण तोवर प्रश्न टायरचा उरला नव्हता. कोण माघार घेतो, यावर सगळे येऊन थांबले होते.

शर्यत मायकेल शूमाकरने जिंकली. २००५ मधला त्याचा तो एकमेव विजय. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, ट्रॅकवर बाटल्या फेकल्या, आणि अनेक जण शर्यत अर्ध्यावर टाकून निघून गेले. तिसरा आलेला जॉर्डनचा तियागो मोंतेरो पोडियमवर मनापासून आनंद साजरा करत राहिला, आणि त्याबद्दल त्याला नावे ठेवण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

चौथ्या क्रमांकावर मोंतेरोचा संघसहकारी, आपला नारायण कार्तिकेयन होता. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारा तो पहिला भारतीय ठरला आणि ते पाच गुण त्याच्या कारकिर्दीतले एकमेव गुण राहिले. भारतात त्या गुणांविषयी बोलताना अनेकांचा आवाज खाली येतो. माझा येत नाही. कोइंबतूरसारख्या शहरातून, देशात एकही फॉर्म्युला वन दर्जाचे सर्किट नसताना, तो तिथपर्यंत पोहोचला होता. त्याची गाडी नियमात होती, टायर सुरक्षित होते, आणि त्याने सर्व अंतर गाडी शाबूत ठेवून पूर्ण केले. इतरांची माघार योग्य होती म्हणून त्याचे शर्यत पूर्ण करणे कमी प्रतीचे ठरत नाही.

नंतर एफआयएच्या जागतिक परिषदेपुढे सातही संघांवर पाच आरोप ठेवण्यात आले. २९ जूनला त्यांपैकी दोन सिद्ध झाल्याचे सांगितले गेले: योग्य टायर न आणणे आणि शर्यतीत उतरण्यास चुकीच्या पद्धतीने नकार देणे. २२ जुलैला तो निर्णय फिरवून संघांना दोषमुक्त करण्यात आले. मिशेलिनने तिकिटांचे पैसे परत केले आणि पुढील वर्षाच्या शर्यतीची २०,००० तिकिटे विकत घेऊन प्रेक्षकांना देण्याचे जाहीर केले. २००६ मध्ये टायर बदलण्याची मुभा परत आली. त्या हंगामाअखेर मिशेलिन बाहेर पडली, आणि २००७ नंतर इंडियानापोलिसची फॉर्म्युला वन शर्यतही बंद झाली.

पुढच्या वर्षांत असे प्रसंग पुन्हा आले, म्हणून ही तुलना करता येते. २००८ मध्ये याच इंडियानापोलिसला नॅसकार या अमेरिकी मोटारशर्यत मालिकेच्या शर्यतीत गुडइयरचे टायर इतक्या लवकर झिजू लागले की आयोजकांनी दर दहा-बारा लॅप्सनंतर शर्यत संथ करून सर्वांना टायर बदलायला लावले. शर्यत कंटाळवाणी झाली, पण झाली. २०१३ मध्ये सिल्व्हरस्टोनला पिरेलीचे टायर एकामागून एक फुटले, तेव्हा चालकांच्या संघटनेने पुढच्या जर्मन ग्रांप्रीतून माघार घेण्याचा इशारा दिला आणि आठवड्याभरात टायरची रचना बदलली गेली. २०२३ मध्ये कतारला टायरच्या बाजूच्या भिंतीत थर सुटू लागल्याचे पिरेलीला आढळले. तेव्हा एफआयएने एका संचावर जास्तीत जास्त १८ लॅप्स, अशी मर्यादा सर्वांवर सारखीच घातली आणि शर्यतीच्या ५७ लॅप्समध्ये प्रत्येकाला किमान तीनदा टायर बदलावे लागले. संघांनी त्यानुसार आपले डावपेच नव्याने आखले आणि टायरच्या कारणाने त्या दिवशी कोणीही माघार घेतली नाही.