पिवळा फ्लॅग आणि शेवटची दोन मिनिटे

माझा भाचा फिलाडेल्फियाजवळ वाढला आहे, त्यामुळे ईगल्स हा त्याच्या दृष्टीने नुसता अमेरिकन फुटबॉलचा संघ नसून जवळजवळ कुलाचार आहे. 12 फेब्रुवारी 2023 रोजी अ‍ॅरिझोनातील ग्लेनडेल येथे झालेला सत्तावन्नावा सुपर बोल, म्हणजे या खेळाच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, आम्ही त्याच्याच घरी पाहिला. त्या सामन्याच्या शेवटी पडलेल्या एका पिवळ्या फ्लॅगवरून (नियमभंग दिसला की पंच टाकतात तो रुमाल) आमचा सुरू झालेला वाद आजतागायत मिटलेला नाही. या वादात मी पंचांच्या बाजूचा आहे आणि त्याच्या घरात ही बाजू घेणारा मी एकटाच आहे.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी परिस्थिती सांगतो. कॅन्सस सिटी चीफ्स आणि ईगल्स यांची 35–35 अशी बरोबरी होती आणि घड्याळात 1 मिनिट 54 सेकंद उरले होते. चीफ्सचा तिसरा डाउन होता (दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात), त्यांना आठ यार्ड हवे होते आणि चेंडू ईगल्सच्या 15 यार्ड रेषेवर होता. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा खेळाडू, पॅट्रिक महोम्स याने रिसीव्हर (पास पकडणारा) जूजू स्मिथ-शूस्टरच्या दिशेने टाकलेला पास त्याच्या आवाक्याबाहेर जमिनीवर पडला आणि आमच्या खोलीत आरडाओरडा झाला. तो आनंद दोनच क्षण टिकला, कारण ईगल्सचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरवर पहारा ठेवणारा बचावपटू) जेम्स ब्रॅडबेरी याच्याविरुद्ध होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा, फ्लॅग पडलेला होता. चीफ्सना पाच यार्ड मिळाले आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे नवा पहिला डाउन मिळाला. पुढच्या धावेत जेरिक मॅकिनन गोलरेषेपलीकडे जाऊन टचडाउन सहज करू शकत असतानाही घड्याळ चालू राहावे म्हणून रेषेच्या अलीकडे मुद्दाम खाली बसला, महोम्सने गुडघा टेकवून वेळ काढला आणि अवघे 8 सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने 27 यार्डांची किक मारून सामना 38–35 असा जिंकून दिला. ईगल्सच्या हाती शेवटी एक लांबलचक, आशेवर भिरकावलेला पास तेवढा उरला.

भाच्याचे पहिले म्हणणे असे की तो पास कोणालाच पकडता आला नसता, मग ओढल्याने काय बिघडले? हा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो, पण तो दुसऱ्याच नियमाचा आहे. पास हवेत असताना रिसीव्हरला अडवले, तर चेंडू पकडण्याजोगा होता की नाही याचा विचार होतो. होल्डिंगमध्ये तो प्रश्न येत नाही. पास त्या खेळाडूकडे गेलाच नसता, तरी गुन्हा तोच राहिला असता. कबड्डी खेळलेल्या माणसाला हे समजावे लागत नाही. चढाईपटूला हातापायाने किंवा धडाने धरावे, सदऱ्याने नव्हे, हे आम्ही शाळेच्या मैदानावर शिकलो आणि तो मध्यरेषेपर्यंत पोहोचलाच नसता हा बचाव तिथे कोणी ऐकून घेत नसे.

त्याचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे आणि तो त्या रात्री फॉक्स वाहिनीवर समालोचन करणाऱ्या ग्रेग ओल्सननेही मांडला होता. दिवसभर पंचांनी अशा झटापटींकडे काणाडोळा केला, मग सामना शेवटच्या दोन मिनिटांत आल्यावरच मापदंड का बदलला? ओल्सन स्वतः अनेक वर्षे टाइट एंड म्हणून खेळलेला, म्हणजे बचावपटूंचे हात अंगावर झेललेला माणूस आहे, त्यामुळे त्याची नाराजी मी सहजी बाजूला सारणार नाही. शिवाय थेट प्रक्षेपणात प्रथम जो कोन दाखवला गेला, त्यात ब्रॅडबेरीचा हात रिसीव्हरच्या पाठीवर हलकेच टेकलेला तेवढा दिसत होता आणि तेवढ्यासाठी सुपर बोल द्यावा असे मलाही त्या क्षणी वाटले नव्हते.

परंतु मुख्य पंच कार्ल शेफर्स यांनी सामन्यानंतर जे स्पष्टीकरण दिले, ते त्या हाताबद्दल नव्हते. रिसीव्हर आत जाण्याची हूल देऊन बाहेर वळत असताना बचावपटूने उजव्या हाताने त्याची जर्सी धरली आणि त्याचे वळणे रोखले, असे त्यांचे म्हणणे होते. नंतर पाहायला मिळालेल्या दुसऱ्या कोनात ताणलेली जर्सी स्पष्ट दिसते. ही चाल संपूर्णपणे त्या एका वळणावर उभी असते. बचावपटू फसलेला असतो, रिसीव्हरला अर्ध्या पावलाची आघाडी मिळणार असते आणि नेमके तेच अर्धे पाऊल कापड धरून परत घेतले जाते. आणि खुद्द ब्रॅडबेरीने त्याच रात्री पत्रकारांपुढे मान्य केले की त्याने जर्सी ओढली होती आणि पंच ते सोडून देतील अशी त्याला आशा होती. पराभवानंतर तासाभरात असे बोलायला मोठे मन लागते. भाच्याच्या घरातल्या कोणाकडेही ते त्या रात्री नव्हते, आणि मी चीफ्सचा चाहता नसतानाही मला जेवताना मीठ मागावे लागले.

पंचांनी शेवटी हात आखडता घ्यावा असे म्हणणाऱ्यांनी 20 जानेवारी 2019 ची न्यू ऑर्लीन्समधली दुपार आठवावी. सुपर बोलच्या आधीचा उपांत्य सामना, सेंट्स आणि रॅम्स 20–20, 1 मिनिट 49 सेकंद शिल्लक, पुन्हा तिसराच डाउन. सेंट्सच्या ड्रू ब्रीझचा पास टॉमीली लुईसकडे पोहोचण्यापूर्वीच रॅम्सचा निकेल रोबी-कोलमन त्याच्यावर जाऊन आदळला. फ्लॅग पडला नाही. सेंट्सना फील्ड गोलवर, म्हणजे किकच्या तीन गुणांवर, समाधान मानावे लागले, रॅम्सनी बरोबरी केली आणि अतिरिक्त वेळेत ग्रेग झ्यूरलाइनच्या 57 यार्डांच्या किकने 26–23 असा विजय मिळवून ते सुपर बोलला गेले. चूक झाल्याचे लीगच्या पंचप्रमुखांनी फोनवर कबूल केले, असे सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांनी त्याच दिवशी सांगितले. प्रकरण लुइझियानाच्या न्यायालयांपर्यंत गेले. त्या दुपारी पंचांनी खेळाडूंना खेळू दिले आणि निकाल तरीही पंचांच्याच नावावर लागला. फ्लॅग खिशात ठेवणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचा फायदा नेहमी नियम मोडणाऱ्याला मिळतो.

त्यानंतर लीगने 2019 च्या हंगामापुरती पास अडवण्याच्या निर्णयांवर रिप्ले पाहण्याची सोय केली. मैदानावरचा निर्णय क्वचितच बदलला जाई, प्रशिक्षक वैतागले आणि वर्षभरात ती सोय गुंडाळली गेली. होल्डिंग तर त्या सोयीतही नव्हते. म्हणजे ब्रॅडबेरीच्या बाबतीत पंचांकडे होते ते फक्त डोळे आणि एक क्षण.

मला स्वतःला खटकते ती शिक्षा. आक्रमक संघाने होल्डिंग केले तर दहा यार्ड मागे जावे लागते, पण डाउन पुन्हा खेळता येतो. बचावपटूने केले तर यार्ड पाचच, मात्र त्यासोबत आपोआप पहिला डाउन. आठ यार्ड हवे असताना पाच यार्डांच्या गुन्ह्याने सगळे घड्याळच प्रतिपक्षाच्या हाती जाते. एरवी चौथा डाउन आला असता, बटकरला साधारण 33 यार्डांची किक मारावी लागली असती (त्याच सामन्यात त्याची 42 यार्डांची किक खांबाला लागून परतली होती) आणि ती यशस्वी झाली असती तरी ईगल्सच्या क्वार्टरबॅकला, जेलन हर्ट्सला, पावणेदोन मिनिटे मिळाली असती. म्हणून मी भाच्याला सुचवले की पाच यार्ड द्यावेत आणि तिसराच डाउन पुन्हा खेळवावा. त्यावर तोच हसला. “मामा, मग पंधरा यार्ड हवे असताना प्रत्येक कॉर्नरबॅक जर्सी धरूनच उभा राहील. पाच यार्ड त्याला स्वस्त पडतील.” हे मला आधी सुचायला हवे होते. मी प्रस्ताव मागे घेतला.

ईगल्सच्या पराभवाचा हिशेब मांडताना तो फ्लॅग एवढा मोठा का होतो, हे मात्र मला कळत नाही. मध्यंतराला ते 24–14 असे पुढे होते. हंगामात सत्तर वेळा क्वार्टरबॅकला पाडणाऱ्या त्यांच्या बचावफळीला त्या रात्री, घोटा दुखावलेल्या महोम्सला एकदाही पाडता आले नाही. चौथ्या क्वार्टरमध्ये चीफ्सचे दोन रिसीव्हर आसपास कोणीही नसताना टचडाउन करून गेले आणि केडेरियस टोनीने ईगल्सचा पंट (चेंडू दूर धाडणारी किक) 65 यार्ड परत आणला, जो सुपर बोलमधील विक्रम ठरला. यातले काहीच पंचांनी केले नव्हते.

फेब्रुवारी 2025 मध्ये ईगल्सनी त्याच चीफ्सना 40–22 असे हरवले तेव्हा मला वाटले की आता हा विषय संपला. सामना संपताच मी अभिनंदनाचा फोन केला. भाचा भरपूर बोलला, हसला, मागे ढोल बडवल्यासारखा गोंगाट चालू होता. फोन ठेवण्यापूर्वी तो म्हणाला, “पण मामा, तो फ्लॅग चुकीचाच होता.”