दुखण्याची गोळी आणि थांबवलेला डोस

केमोच्या डे-केअर वॉर्डात सकाळी आठला वजनकाट्यापाशी रांग लागते. त्या दिवशी रांगेत 62 वर्षांच्या एक मावशी होत्या. फुप्फुसाचा अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग; केमोची पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लाटिन ही दोन औषधं दर 21 दिवसांनी, ही तिसरी सायकल. मुलगा त्यांना सोलापूरच्या पलीकडून रात्रीच्या एसटीने घेऊन आला होता. वजन 48 किलो, उंची 150 सेंटिमीटर. ताप नाही, तोंड आलेलं नाही, जुलाब नाहीत. आदल्या दिवशी गावाकडे केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट मुलाच्या हातात होता: न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 2,400, प्लेटलेट 1 लाख 80 हजार, क्रिएटिनिन 1.1. पेमेट्रेक्सेडसाठी न्यूट्रोफिल निदान 1,500 आणि प्लेटलेट निदान 1 लाख लागतात. रिपोर्टवर एकही आकडा ठळक छापलेला नव्हता. मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं नॉर्मल आहे. लवकर लावाल का? तीनची गाडी आहे."

त्यातला 1.1 हा आकडा मात्र नॉर्मल नव्हता. मागच्या सायकलला तो 0.8 होता. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा, किडनी तो बाहेर टाकते. 48 किलोच्या, साठी ओलांडलेल्या बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी मंदावली तरी आकडा प्रयोगशाळेच्या मर्यादेतच राहतो. म्हणून केमोआधी नुसतं क्रिएटिनिन न पाहता क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्त साफ करते तो अंदाज, काढायचा असतो. रीत सोपी आहे: 140 मधून वय वजा करा, वजनाने गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिनने भागा, आणि बाईमाणूस असेल तर 0.85 ने गुणा. मावशींचं मागच्या वेळचं उत्तर होतं 55, त्या दिवशीचं आलं 40. पेमेट्रेक्सेडची खालची हद्द 45 आहे. त्याखाली ते देत नाहीत.

हा हिशेब औषध पातळ करायला घेण्याआधी व्हायला हवा. 500 मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर या मापाने मावशींचा डोस साधारण 700 मिलिग्रॅम होतो. इतकं महाग औषध एकदा पातळ केलं की "आता केलंच आहे तर देऊन टाकू" असा मोह होतो, आणि तो फार वाईट. म्हणून आधी फार्मसीला फोन करून डोस थांबवायला सांगितला, मग डॉक्टरांना कळवलं, आणि मग मी मावशींच्या शेजारी स्टूल ओढून बसले.

सकाळी तपासणी-कागदावरचा नेहमीचा प्रश्न विचारून झाला होता: "दुसरं कुठलं औषध चालू आहे का?" उत्तर होतं, "नाही." मावशी खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांच्या लेखी औषध म्हणजे दवाखान्यातून मिळतं ते. आता वेगळं विचारलं: "मावशी, गुडघे दुखले तर काय घेता?" त्या लगेच म्हणाल्या, "ती दुखण्याची गोळी घेते की. पुतणीचं लग्न होतं, आठवडाभर उठबस. मेडिकलवाल्याने दिली, सकाळ-संध्याकाळ एकेक." पिशवी उघडायला लावली. इबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी, दहाच्या पाकिटातली एकच उरलेली. शेवटची आदल्या रात्री जेवणानंतर घेतली होती. त्यात लग्नघरात पाणीही कमीच प्यायलं गेलं होतं.

इथे दोन गोष्टी एकत्र येतात. इबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक या गटातल्या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात, आणि अंगात पाणी कमी असेल तर हा परिणाम वाढतो. पेमेट्रेक्सेड मात्र बहुतांशी लघवीवाटेच बाहेर पडतं: किडनी ठीक असेल तर 24 तासांत 70 ते 90 टक्के, जसंच्या तसं. वाट अडली की औषध रक्तात रेंगाळतं. मग आठव्या-दहाव्या दिवशी रक्तातल्या पेशी कोसळतात, तोंड सोलवटतं, जुलाब लागतात. तोवर रुग्ण गावी पोचलेला असतो, दवाखान्यापासून लांब. म्हणून क्लिअरन्स 45 ते 79 च्या दरम्यान असेल तर इबुप्रोफेन केमोच्या आधी 2 दिवस, त्या दिवशी आणि नंतर 2 दिवस घ्यायचं नाही. पायरॉक्सिकॅम, मेलॉक्सिकॅम यांसारख्या अंगात जास्त टिकणाऱ्या गोळ्या 5 दिवस आधीपासून बंद ठेवतात. मावशींचा मागचा क्लिअरन्स 55 होता, म्हणजे हा नियम त्यांना पहिल्या दिवसापासून लागू होता. त्यांच्या फाइलमध्ये तो छापलेलाही होता, "एनएसएआयडी टाळा" या शब्दांत. एनएसएआयडी म्हणजे इबुप्रोफेनच्या गटातल्या याच गोळ्या. हा शब्द मावशींना कळणार कसा? ही चूक त्यांची नव्हती, आमच्या कागदाची होती.

बाकीची तयारी त्यांनी इतकी नीट केली होती की वाईट वाटत होतं. फॉलिक अ‍ॅसिड रोज 1 मिलिग्रॅम, पहिल्या डोसच्या आठवडाभर आधीपासून, एकही दिवस न चुकता. ही गोळी शेवटच्या डोसनंतरही 21 दिवस चालू ठेवायची असते. बी-12 चं 1000 मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन पहिल्या डोसआधी आठवडाभर झालेलं, पुढचं 9 आठवड्यांनी. ही जीवनसत्त्वं ताकदीसाठी आहेत असं समजून अनेकजण भूक परत आली की सोडून देतात. खरं कारण वेगळं आहे. या औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांत अंगात फॉलेट (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) कमी असलेल्या रुग्णांना गंभीर त्रास झाला, काही दगावले. 1999 च्या अखेरीस मेसोथेलिओमाच्या (फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाच्या) मोठ्या चाचणीत ही दोन्ही सगळ्यांना सुरू केली आणि त्रास स्पष्ट कमी झाला. मात्र ही गोळी शेजारच्या रुग्णाला उसनी द्यायची नाही. तो कॅपेसिटाबिन या केमोच्या दुसऱ्या औषधावर असेल तर फॉलिक अ‍ॅसिडने त्याचा त्रास वाढतो.

अंगावर पुरळ येऊ नये म्हणून डेक्सामेथासोन 4 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी घ्यायचं असतं. मावशींनी तेही घेतलं होतं. इथे नेहमी होणारी गडबड अशी: दुकानात 0.5 मिलिग्रॅमची गोळी मिळते आणि रुग्ण ती एकच घेतो. 4 मिलिग्रॅमसाठी तशा 8 लागतात. पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय "घेतली" हे उत्तर पुरेसं धरू नये.

डोस पुढे ढकलायचा म्हटल्यावर मुलाचे डोळे भरले. आजार वाढेल, ही भीती. डॉक्टरांनी त्याला समजावलं की आठवड्याचा उशीर झाला तर उपचार वाया जात नाहीत, पण 40 च्या क्लिअरन्सवर दिलेला डोस माघारी घेता येत नाही. "फक्त कार्बोप्लाटिन तरी द्या," असंही त्याने विचारलं. तेही किडनीवरच अवलंबून. कार्बोप्लाटिनचा डोस क्लिअरन्समध्ये 25 मिळवून त्याला 5 ने गुणून काढतात. मागच्या वेळी तो 400 मिलिग्रॅम होता, आता 325 झाला असता. किडनीचं काम असं वरखाली होत असताना दोन्ही थांबवणंच बरोबर.

त्या दिवशी हाताला सुई लागली ती फक्त सलाईनसाठी. गोळीचं पाकीट आम्ही ठेवून घेतलं, दुखलं तर नुसतं पॅरासिटामॉल 500 सांगितलं. तेही घेण्याआधी ताप मोजायचा, कारण ते ताप झाकतं. तापमान 38 सेल्सिअसच्या वर गेलं तर गोळी न घेता आधी फोन करायचा. मुलाने फाइलच्या मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय नाही."

पुढच्या सोमवारी क्रिएटिनिन 0.9, क्लिअरन्स 49. डॉक्टरांनी होकार दिला. नाव, फाइल नंबर, औषध, डोस दोन सिस्टरांनी वेगवेगळं वाचून ताडून पाहिलं. पेमेट्रेक्सेड सलाईनमध्ये 10 मिनिटांत गेलं (रिंगर लॅक्टेटमध्ये नाही, त्यातल्या कॅल्शियमशी ते जुळत नाही), अर्ध्या तासाने कार्बोप्लाटिन, 370 मिलिग्रॅम.

निघताना मावशींनी पदराच्या गाठीतून एक ट्यूब काढली. "सिस्टर, हे मलम चालेल का गुडघ्याला?" डायक्लोफेनॅकचंच होतं. त्यातलं रक्तात फार थोडं जातं, पण किडनी नुकती सावरली होती. डॉक्टरांनी सध्या तेही बाजूला ठेवून गरम पाण्याच्या पिशवीने शेकायला सांगितलं.