आमची वाटचाल: फोंड्यातून घराघरांत

पॅरालिसिसचा अटॅक (स्ट्रोक) येऊन गेलेल्या माणसाचा हात परत कामाला लावणं, तेही त्याच्या घरी जाऊन, एवढंच आमचं काम. मी फिजिओ, आणि फोन, हिशेब, गाडी हे सगळं धाकटा भाऊ बघतो. गोव्यातल्या फोंड्यात एक खोली भाड्याने घेऊन क्लिनिक म्हणूनच सुरू केलं होतं, पण पेशंट येणार कसे? वाळपई, केरी, साखळी, मोले इकडची माणसं बांबोळीच्या जीएमसीतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून घरी जातात, चार पावलं चालायला लागली की घरच्यांना वाटतं झालं बरं, आणि हात तसाच मांडीवर पडून. भर पावसात दोन बसा बदलून त्यांना फोंड्याला आणणार कोण, कमावत्या माणसाने रोजची मजुरी बुडवायची का? मग आम्हीच जायला लागलो.

घरोघर गेल्यावर खरं काय ते दिसलं. बाबांना सून भरवते, बटणं मुलगा लावतो, उरलेलं सगळं चांगला हात करतो. प्रेमानेच करतात हो सगळे, पण त्यामुळे तो हात आहे हेच मेंदू विसरत जातो. अमेरिकेतले संशोधक एडवर्ड टॉब यांनी यावर खूप काम केलंय, चांगल्या हाताला जाड मोजा घालून अडवायचं आणि अधू हाताकडून कामं करून घ्यायची ही पद्धत त्यातूनच आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, याच पद्धतीच्या एक्साइट नावाच्या चाचणीत २२२ पेशंट होते, अटॅकला ३ ते ९ महिने झालेले, त्यातल्या एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगला हात मोज्यात ठेवायचा होता, आणि त्यांचा फायदा वर्षभरानेही टिकलेला. पण ज्यांचं मनगट, बोटं थोडी तरी उचलतात त्यांच्यासाठीच हे, लुळ्या हातावर हा हट्ट करू नये.

आणि मुख्य म्हणजे किती वेळा करता ते. २००९ च्या एका अमेरिकन पाहणीत दिसलं की थेरपीच्या एका सेशनमध्ये हाताचा कामाचा सराव सरासरी ३२ वेळाच होतो. हाताला शेकड्यांनी सराव लागतो! मी तासभर येऊन गेले आणि बाकी दिवस हात उशीवर, तर माझ्या फीचा उपयोग काय? म्हणून रोजच्या व्हिजिट बंद केल्या, आठवड्यातून एकदा-दोनदा जायचं, घरच्यांना शिकवायचं, वहीत आकडे लिहून घ्यायचे. उत्पन्न कमी झालं, भावाशी यावरून बरीच वादावादी झाली, पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये जाताच येईना तेव्हा याच पद्धतीवर व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवरून काम चालू राहिलं, तेव्हापासून तोही काही बोलत नाही.

सामान सगळं घरातलंच. आधी लिंबू, मग अख्खी सुपारी, मग काजूची बी, शेवटी चवळीचा दाणा, एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. सुपारी मजेशीर आहे, गोल असल्याने निसटते, अंगठा समोर आणल्याशिवाय धरताच येत नाही, आणि नेमकं तेच आम्हाला हवं असतं. कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे, दोन्ही हातांनी टॉवेलची घडी, चवथीच्या दिवसांत करंज्यांना मुरड घालायला एका काकींना बसवलं, वाकड्यातिकड्या झाल्या पण तळल्या सगळ्या.

बोटं अजिबात हलत नसतील तर आरसा. टेबलावर मध्ये उभा करायचा, अधू हात मागे, चांगला पुढे, आरशात बघत चांगल्या हाताची मूठ उघड-मीट करायची, मेंदूला वाटतं दुसराच हात हलतोय. १९९९ पासून स्ट्रोकच्या पेशंटवर याचे अभ्यास झालेत. फोंड्याच्याच एका सुताराने आम्हाला आरशासाठी लाकडी स्टँड करून दिलेत, खाली रबर लावून, म्हणजे लादीवर सरकत नाही.

खांद्याचं मात्र मी ओरडून सांगते. उठवताना अधू हात धरून ओढू नका, काखेत हात घालून वर खेचू नका. सैल पडलेला खांदा खोबणीतून खाली उतरतो, मग दुखणं असं की व्यायामच बंद. कमरेला धरून उठवा, बसल्यावर हाताखाली उशी. आणि मूठ आधीच घट्ट आवळलेली असेल तर दिवसभर बॉल दाबायला देऊ नका, त्या हाताला उघडायचा सराव हवा.

आमच्या कामातलं नाही पण सांगते, तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर लगेच १०८ ला फोन करा, तेल चोळत बसू नका. अटॅक मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीने आला असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

सध्या आरसे आम्ही डिपॉझिटवर देतो, काम झालं की परत घेऊन पुढच्या घरी. पेडणे आणि काणकोणहूनही फोन येतात, तिकडे जाऊ शकेल अशी दुसरी फिजिओ शोधतोय, मिळेपर्यंत व्हिडिओ कॉल. पहिल्या भेटीला फक्त पेशंट नको, दिवसभर त्यांच्यासोबत जे कोण असतं ते घरी हवंच, शिकायचं त्यांना आहे.